नदीतल्या माशावरची जखम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नदीतून किंवा धरणातून काढलेल्या माशावरच्या पुष्कळशा जखमा तो पकडला जाताना किंवा पकडल्यावर झालेल्या असतात. तरीही बाजारात ओरखडलेला मासा दिसला की तो ‘रोगट’ ठरतो. जखम कशाने झाली हे ठरवण्याआधी ती केव्हा झाली ते पाहावे लागते, आणि त्याच्या खुणा बऱ्यापैकी स्पष्ट असतात. जिवंतपणी झालेल्या जखमेच्या कडा लाल व किंचित सुजलेल्या असतात, भोवती रक्त साकळलेले असते. मेल्यावर रक्ताभिसरण थांबते, म्हणून नंतरची जखम फिकट राहते. जुन्या, भरलेल्या जखमेच्या जागी कातडी काळसर होते किंवा लहान, वेड्यावाकड्या खवल्यांचा ठिगळ लावल्यासारखा पट्टा दिसतो.

जाळ्याच्या खुणा ओळखायला सोप्या. नायलॉनच्या फासजाळ्यात मासा डोके घालतो, पुढे जाता येत नाही आणि मागे सरकताना धागा कल्ल्यांच्या झाकणामागे अडकतो. धडपडीत त्याच जागी अंगाभोवती कड्यासारखा वळ उठतो, खवले निघतात, पर चिरतात. असे जाळे बहुधा संध्याकाळी लावून पहाटे काढतात. मधल्या वेळात अडकलेला मासा हा खेकडे, झिंगे आणि कासवांसाठी वाढलेले ताटच. खेकडे डोळे, पोट, गुदद्वाराभोवतीचा भाग अशा मऊ जागांपासून सुरुवात करतात. सकाळी हाती येणारा अर्धवट खाल्लेला मासा पाहून पाण्यात काहीतरी भयंकर वावरते आहे, अशी बोलवा होते ती यातूनच.

सापाने लचका तोडला, हे विधानही वारंवार ऐकू येते. पाण्यात मासे खाणाऱ्या विरोळ्याचे दात बारीक, मागे वळलेले असतात. ते भक्ष्य घट्ट धरण्यासाठी आहेत, मांस कापण्यासाठी नाहीत. साप मासा अख्खा गिळतो, त्यामुळे तुटलेल्या लचक्याचा आळ त्याच्यावर येऊच शकत नाही. कृष्णेच्या सांगलीकडच्या पट्ट्यात मगरी आहेत हे खरे, पण मगरीच्या जबड्यात सापडलेला लहान मासा खूण दाखवायला सहसा परत येत नाही. निसटलेल्या माशांवरच्या खुणा बहुतेकदा पक्ष्यांच्या असतात. पाणकावळ्याच्या वरच्या चोचीचे टोक आकडीसारखे वळलेले असते आणि तो मासा आडवा धरतो. म्हणून माशाच्या एका बाजूला खोल ओरखडा किंवा भोक आणि दुसऱ्या बाजूला चोचीच्या दाबाचा वळ, अशी जोडी सापडते. बगळा वरून भोसकतो, त्यामुळे पाठीवर एकच अरुंद भोक पडते. पाणमांजर मात्र चावून, तोडून खाते आणि उरलेले काठावर टाकते.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज व्रणांबद्दलचा आहे. माशाच्या अंगावर लाल, खोल, मांस उघडे पडलेले व्रण दिसले की कारखान्याच्या केमिकलने मासा भाजला, असे ठरवले जाते. प्रदूषणाने मासे मरतात, यात वाद नाही. पण मैलापाण्यामुळे ऑक्सिजन संपला तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात आणि मरतात तेव्हा त्यांच्या अंगावर बहुधा जखमच नसते. शिवाय अशा वेळी अनेक जातींचे मासे एकदम मरतात. व्रण मात्र काही जातींवर येतात आणि शेजारच्या जाती धडधाकट राहतात. असे असेल तर संशयाची सुई आधी एका रोगाकडे वळायला हवी: एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, म्हणजे माशांमधला साथीचा व्रणरोग.

या रोगाची पहिली नोंद 1971 मध्ये जपानात झाली, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात. आग्नेय आशियातून सरकत तो 1988 मध्ये भारतात पोहोचला आणि ईशान्येकडील राज्ये व पश्चिम बंगालमध्ये त्याने मोठे नुकसान केले. त्याला कारणीभूत असलेला ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे पोहणारे बीजाणू माशाच्या खरचटलेल्या कातडीवर रुजतात आणि तंतू थेट स्नायूंत उतरतात. मग लाल ठिपक्याचा व्रण होतो आणि व्रण हाडापर्यंत जातो. मोठ्या पावसानंतर आणि पाणी 18 ते 22 अंश सेल्सिअसपर्यंत थंडावल्यावर साथी उसळतात, म्हणून आपल्याकडे हा मुख्यतः पावसाळ्यानंतरचा, हिवाळ्यातला रोग. मरळ याला लवकर बळी पडते. चिलापी आणि सायप्रिनस मात्र दाद देत नाहीत. एकाच जाळ्यात व्रणांनी पोखरलेली मरळ आणि शेजारी तुकतुकीत चिलापी असेल, तर दोष पाण्यात कालवलेल्या विषाचा असण्याची शक्यता कमीच. अर्थात आम्लयुक्त किंवा गढूळ पाण्याने कातडी कमकुवत झाली तर बीजाणूंचे काम सोपे होते. म्हणजे पाणी अगदीच निर्दोष सुटत नाही.

परजीवींच्या जखमा लहान पण ठळक असतात. माशाची ऊ म्हणून ओळखला जाणारा आर्ग्युलस हा खरे तर झिंग्या-खेकड्यांच्या कुळातला चपटा जीव आहे. तो सोंड टोचून शोषतो आणि लाल ठिपका मागे ठेवतो. लर्निया दोऱ्यासारखा लोंबतो. त्याचे नांगरासारखे डोके मांसात रुतलेले असते, म्हणून ओढला तर तो तुटतो. अंगावरचे टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके बहुधा चपट्या कृमींच्या अळ्यांभोवती माशाने साठवलेल्या रंगद्रव्याचे असतात. कापसासारखी पांढरी वाढ पाहून ‘बुरशीने मासा मारला’ म्हणतात, पण ती बहुतेक वेळा आधीच्या जखमेवर आलेली असते. रोहूसारख्या कार्प कुळातल्या नरांच्या अंगावर किंवा परांवर विणीच्या काळात येणारे खरखरीत दाणे तर रोगच नव्हेत. विणीआधी प्रवाहाविरुद्ध चढताना बंधाऱ्याच्या दगडांवर घासलेली शेपटीही तशीच निरुपद्रवी.

पाठीचा कणा वाकलेला मासा जन्मजात दोषाचा असू शकतो, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. विजेचा शॉक देऊन मासे धरले की सगळे स्नायू एकदम आखडतात आणि त्या झटक्याने मणके मोडतात. बाहेरून कण्यालगत काळपट डाग दिसतो, किंवा काहीच दिसत नाही. जिलेटिनच्या स्फोटातही कातडी शाबूत राहते आणि आत वाताशय फुटलेला असतो. स्फोटके किंवा विष वापरून मासेमारी करण्यास 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली आहे.

मासा जखमेतून बरा होतो, आणि तेही झपाट्याने. त्वचेच्या पेशी काही तासांत जखमेवर सरकू लागतात, फाटलेले पर पुन्हा वाढतात. नव्या खवल्याच्या मध्यभागी मात्र जुनी वलये नसतात, त्यामुळे खवल्यावरून वय मोजणारे अभ्यासक असा खवला बाजूला ठेवतात.

जखमी मासा खाल्ल्याने माणसाला व्रणरोग होतो, ही भीती निराधार आहे. तो जीव माणसात वाढत नाही आणि नीट शिजवल्यावर परजीवीही मरतात. उघड्या व्रणाचा मासा लवकर कुजतो, त्यामुळे तो नाकारणे व्यवहाराचेच. खरी जोखीम हाताळणाऱ्याला असते. शिंगट्याचा काटा हातात घुसला किंवा आधीची चीर उघडी असली, तर एरोमोनाससारखे पाण्यातले जिवाणू आत शिरून हात सुजवू शकतात. म्हणून असे मासे साफ करताना हातमोजे घालावेत आणि काटा लागल्यास जखम लगेच साबणाने धुवावी.