एसएसडीला कॅश मेमरीची जोड हवी का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वापरलेला लॅपटॉप घ्यायला गेलात, तर त्याच्या माहितीत ‘८ जीबी रॅम + १६ जीबी ऑप्टेन’ अशी ओळ आजही दिसू शकते. वाचणाऱ्याला वाटते, चला, एकूण २४ जीबी मेमरी मिळाली! ज्यांच्या संगणकात आधीच एसएसडी आहे, त्यांनाही हे छोटे मॉड्यूल स्वस्तात मिळाले की ते बसवून वेग वाढेल असे वाटते. या समजुतींपायी लोकांचे पैसे वाया जातात आणि कधी कधी डेटाही धोक्यात येतो. म्हणून एकेक समजूत नीट तपासून पाहू.

हे मॉड्यूल कॅश म्हणून काम करते, तेव्हा आधी कॅश म्हणजे काय, ते स्पष्ट करून घेऊ. स्वयंपाक करताना हळद, मोहरी, तिखट मिसळणाच्या डब्यातून घेतले जाते. दर वेळी माळ्यावरची बरणी उतरवावी लागत नाही. संगणकातही वारंवार लागणारा डेटा संथ साठवणीतून उचलून वेगवान जागी ठेवतात. ती जागा म्हणजे कॅश. डब्याचा फायदा बरणी किती उंचावर आहे यावर ठरतो. बरण्या ओट्यावरच हाताशी असतील, तर वाचणारे श्रम नगण्य असतात. या लेखातील सारे हिशेब याच तत्त्वावर उभे आहेत.

गैरसमज १ : ऑप्टेन मेमरी म्हणजे जादा रॅम.

वस्तुस्थिती : नावात ‘मेमरी’ असली तरी हे मॉड्यूल रॅमचे काम करत नाही. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ साली थ्रीडी एक्सपॉइंट नावाचे तंत्रज्ञान जाहीर केले. वीज गेली तरी डेटा टिकवणारे आणि नेहमीच्या फ्लॅशपेक्षा चपळ, अशी त्याची ख्याती होती. त्यावर आधारलेली १६ आणि ३२ जीबीची ऑप्टेन मेमरी मॉड्यूल इंटेलने एप्रिल २०१७ मध्ये बाजारात आणली. ती रॅमच्या खाचेत बसत नाहीत. एसएसडीसाठी असलेल्या एम.२ खाचेत बसतात. इंटेलचे सॉफ्टवेअर त्यांची साटा ड्राइव्हशी जोडी लावते आणि विंडोजला दोन्ही मिळून एकच डिस्क दिसते.

वेगाचा फरकही मोठा आहे. रॅममधून डेटा मिळायला साधारण ०.१ मायक्रोसेकंद लागतो, ऑप्टेनमधून सुमारे १० मायक्रोसेकंद. म्हणजे रॅम शंभरपट चपळ. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडल्यावर ८ जीबी रॅम अपुरी पडत असेल, तर १६ जीबी ऑप्टेनमुळे ती २४ जीबी होत नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे इंटेलने २०१९ मध्ये सर्व्हरसाठी रॅमच्या खाचेत बसणारी ऑप्टेनही आणली होती. घरगुती लॅपटॉपमधल्या मॉड्यूलचा तिच्याशी नावापुरताच संबंध आहे.

गैरसमज २ : हार्ड डिस्कचा वेग इतका वाढतो, तर एसएसडी आणखी सुसाट होईल.

वस्तुस्थिती : ही सर्वांत पसरलेली समजूत आहे आणि साध्या गणिताने ती दूर होते.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असते. म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी चारेक मिलिसेकंद जातात. डोके योग्य पट्ट्यावर सरकण्याचा वेळ वेगळा. एक छोटा तुकडा वाचायला अशा रीतीने १० मिलिसेकंद सहज लागतात. साध्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे तेच काम सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते. ऑप्टेनमध्ये ०.०१ मिलिसेकंदात.

आता समजा, एखादा प्रोग्रॅम उघडताना असे २,००० विखुरलेले तुकडे एकामागून एक वाचावे लागतात आणि प्रोसेसरला स्वतःचे काम करायला ३ सेकंद लागतात. हार्ड डिस्कवर वाचनाचे २० सेकंद धरून एकूण २३ सेकंद होतील. एसएसडीवर वाचन ०.२ सेकंदात संपेल, एकूण ३.२ सेकंद. ऑप्टेनची कॅश असेल आणि सगळे तुकडे तिच्यात सापडले, तर वाचन ०.०२ सेकंदात, एकूण ३.०२ सेकंद.

हार्ड डिस्कला कॅश दिल्यावर जवळजवळ वीस सेकंद वाचले. एसएसडीला दिल्यावर वाचले एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. वाचनाचा वेग दोन्ही वेळा वाढला, आणि तरीही दुसऱ्या वेळी माणसाला फरक जाणवणार नाही, कारण एसएसडी आल्यावर वेळ खातो तो प्रोसेसर. बेंचमार्कच्या चाचणीत छोट्या वाचनाचे आकडे उंच दिसतात ते खरेच असतात. पण वर्ड उघडताना किंवा संगणक सुरू होताना ते आकडे हाताला लागत नाहीत.

गैरसमज ३ : कॅश मॉड्यूल एसएसडीपेक्षा सर्वच बाबतींत वेगवान असते.

वस्तुस्थिती : विखुरलेले छोटे तुकडे वाचण्यात ऑप्टेन खरोखर अव्वल होती. सलग लिहिण्यात मात्र पहिली मॉड्यूल मागे होती. इंटेलने दिलेल्या आकड्यांनुसार १६ जीबीचे मॉड्यूल सेकंदाला १४५ एमबी आणि ३२ जीबीचे २९० एमबी लिहू शकत असे. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास लिहिते, आणि पीसीआयई ३.० च्या चार मार्गिका वापरणाऱ्या चांगल्या एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबीच्या आसपास वाचतात.

शिवाय मॉड्यूलची जागा तुटपुंजी असते. विंडोज, ब्राउझर आणि रोजचे चार प्रोग्रॅम १६ जीबीत मावतील. १०० जीबीचा गेम मावणार नाही. कॅशमध्ये नसलेला डेटा मूळ ड्राइव्हवरूनच आणावा लागतो.

गैरसमज ४ : पेनड्राइव्ह लावून रेडीबूस्ट चालू केले की वेग वाढतो.

वस्तुस्थिती : रेडीबूस्ट विंडोज व्हिस्टासोबत २००७ साली घराघरांत पोचले. तेव्हा ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क हीच नेहमीची जोडी असे, म्हणून पेनड्राइव्हवर ठेवलेली कॅश थोडीफार उपयोगी पडे. एसएसडीसमोर पेनड्राइव्ह स्वतःच कासवगतीचा ठरतो. म्हणूनच विंडोजची मुख्य ड्राइव्ह पुरेशी वेगवान एसएसडी असली, की विंडोज ७ पासून रेडीबूस्टचा लाभ नाही असे सांगून ते चालूच होत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोकळी पडलेली रॅम विंडोज आपणहून कॅश म्हणून वापरते. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली की ती चटकन उघडते, ती यामुळेच. सगळ्यांत वेगवान कॅश संगणकात आधीपासूनच काम करत असते. रॅम वाढवली की ती आपोआप मोठी होते.

गैरसमज ५ : ‘डीरॅम नसलेली’ एसएसडी घेतली असेल, तर बाहेरचे मॉड्यूल तिची उणीव भरून काढते.

वस्तुस्थिती : महागड्या एसएसडीवर डीरॅमची एक चिप असते. साधारण १ टीबी साठवणीमागे १ जीबी, असे प्रमाण पूर्वापार आहे. तिचे मुख्य काम तुमच्या फाइल साठवणे हे नसून कोणता डेटा फ्लॅशमध्ये नेमका कुठे आहे, याचा नकाशा हाताशी ठेवणे हे असते. स्वस्त एसएसडीत ही चिप गाळलेली असते. एनव्हीएमईच्या १.२ आवृत्तीपासून अशा ड्राइव्हला संगणकाच्या रॅमचा छोटासा भाग, बहुधा काही दशक एमबी, नकाशासाठी उसना घेता येतो. ही सोय ड्राइव्ह आणि विंडोज आपापसांत करतात. बाहेरचे कॅश मॉड्यूल तो नकाशा सांभाळत नाही.

गैरसमज ६ : मॉड्यूल नको झाले की स्क्रू काढून बाजूला करता येते.

वस्तुस्थिती : ही चूक सर्वांत महागात पडू शकते. मॉड्यूल आणि ड्राइव्ह यांची जोडी लागलेली असताना काही डेटा फक्त मॉड्यूलवर असू शकतो. जोडी न सोडवता ते काढले, तर संगणक सुरू न होण्याची किंवा फाइल बिघडण्याची शक्यता असते. आधी बॅकअप घ्या, मग इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून ऑप्टेन बंद करा, प्रक्रिया पूर्ण होऊ द्या, संगणक बंद करा आणि नंतरच मॉड्यूलला हात लावा. वापरलेला लॅपटॉप दुरुस्तीला देतानाही आत ऑप्टेन आहे हे तंत्रज्ञाला आठवणीने सांगा.

मग हे मॉड्यूल निरुपयोगी होते का?

मुळीच नाही. ज्या कामासाठी ते बनले, त्यात ते चोख होते. मुख्य ड्राइव्ह हार्ड डिस्क असेल, तर मॉड्यूलमुळे संगणकात जीव आल्यासारखा फरक पडे. २०१८ पासून इंटेलने आणखी एक सोय दिली. विंडोज एसएसडीवर ठेवून डेटासाठीची दुसरी हार्ड डिस्क ऑप्टेनने वेगवान करता येऊ लागली. फोटोंचा किंवा गेमचा मोठा साठा हार्ड डिस्कवर असलेल्यांना याचा लाभ झाला. एसएसडी असलेल्या संगणकात कॅश उपयोगी पडते, ती अशी: शेजारच्या हार्ड डिस्कसाठी.

२०१९ मध्ये आलेल्या एच१० मध्ये इंटेलने एकाच पट्टीवर ऑप्टेन आणि क्यूएलसी प्रकारची फ्लॅश एकत्र बसवली. क्यूएलसी स्वस्त, पण सतत लिहिताना मंदावणारी. म्हणून तिथे कॅशला काही अर्थ होता. मात्र चार मार्गिकांपैकी दोन ऑप्टेनला आणि दोन फ्लॅशला जात, आणि अशी विभागणी जाणणाऱ्या ठरावीक संगणकांतच ती नीट चाले. अशी पट्टी सुटी विकत घेऊन कुठल्याही लॅपटॉपमध्ये बसवू नये.

पुढे गणितच बदलले. २०१७ मध्ये ३२ जीबी मॉड्यूलची किंमत ७७ डॉलर होती आणि जवळपास तेवढ्या पैशांत १२० जीबीची पूर्ण एसएसडी मिळत होती. एसएसडी स्वस्त होत गेल्या, तशी हार्ड डिस्कला आधार देण्याची गरज ओसरली. मायक्रॉनने २०२१ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंटमधून अंग काढून घेतले आणि इंटेलने जुलै २०२२ मध्ये ऑप्टेनचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

तुम्ही काय करावे?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स विभाग पाहा. नेहमीचे काम चालू असताना मेमरी सतत भरत आलेली दिसली, तर रॅम वाढवा. मुख्य डिस्क हार्ड डिस्क असेल, तर मॉड्यूलच्या मागे न लागता सरळ एसएसडी घ्या. एसएसडी काठोकाठ भरली असेल, तर जागा मोकळी करा किंवा मोठी एसएसडी घ्या. भरलेली ड्राइव्ह लिहिताना मंदावते. अनेक लॅपटॉपमध्ये एम.२ ची एकच खाच असते. ती १६ जीबीच्या मॉड्यूलने अडवण्यापेक्षा तिथे ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवणे केव्हाही शहाणपणाचे. आणि एसएसडी आहे, रॅम पुरेशी आहे, तरीही संगणक रेंगाळत असेल, तर दोष बहुधा साठवणीत नाही. प्रोसेसर, उष्णता किंवा मागे चालणारे अनावश्यक प्रोग्रॅम तपासा. एसएसडीसाठी वेगळे कॅश मॉड्यूल विकत घेऊ नका.