"फुल सिंथेटिक" लिहिलंय म्हणून घेऊ नका: इंजिन ऑइलचा टीडीएस कसा वाचायचा

ऑइलवरच्या व्हिडिओत डबे दाखवण्यातच वेळ गेला, आकड्यांचं राहून गेलं. ते इथे लिहितोय. ज्यांना स्पेअर पार्ट्सचं दुकान, टू-व्हीलर सर्व्हिसिंग किंवा नुसतं ऑइल चेंजचं काउंटर टाकायचंय, त्यांनी जरा निवांत वाचा. कारण दुकान उघडलं की पहिल्या महिन्यातच एक सेल्समन येणार. "सर, फुल सिंथेटिक आहे, मोठ्या कंपनीच्या जवळजवळ निम्म्या भावात. दहा पेट्यांवर एक पेटी फ्री." समजा तुमच्याकडे मालासाठी ६० हजार आहेत आणि त्यातले २५ हजार तो मागतोय. घ्यायचं की नाही?

आपल्याकडे गॅरेजवाले काय करतात? दोन बोटांमध्ये ऑइल घेऊन चोळतात. चिकट आणि जाड लागलं की "माल चांगला आहे". यूट्यूबवर पण दोन ऑइलं तिरप्या काचेवरून सोडून शर्यत लावतात. बघायला मजा येते, पण दोन्हीतून कळतं फक्त ३० डिग्रीचं ऑइल. इंजिनात ते साधारण १०० डिग्रीला काम करतं, आणि पिस्टन-बेअरिंगपाशी त्याहून जास्त.

म्हणून आधी ग्रेड समजून घ्या. डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ डिग्रीला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आता नागपूर-जळगावच्या माणसाला उणे २५ शी काय घेणंदेणं? थेट काही नाही. पण पहिला आकडा लहान असलेलं ऑइल सकाळी पहिल्या किकला सहसा लवकर वर चढतं, आणि इंजिनाची बरीच झीज स्टार्ट करतानाच होते. म्हणून तो आकडा अगदीच बिनकामाचा नाही.

दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. ३० ग्रेड म्हणजे १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या आत. ४० म्हणजे १२.५ ते १६.३. ५० म्हणजे १६.३ ते २१.९. नीट बघा, हे पट्टे आहेत. एका कंपनीचं ३० हे ९.५ असू शकतं आणि दुसऱ्याचं १२.२. डब्यावर दोन्हीकडे १०डब्ल्यू-३० च. म्हणून नुसती ग्रेड बघून "दोन्ही सेमच आहेत" म्हणणारा सेल्समन अर्धंच सांगतोय.

आणि जाड म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढून टाका. स्प्लेंडरसारख्या गाडीला कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलंय, तिच्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर इंजिनाला ते ढकलायलाच जास्त ताकद लागते. ॲव्हरेज पडतं, आणि बोलणी तुम्ही खाता. ग्रेड मॅन्युअलमधलीच द्यायची. यात दुकानदाराची अक्कल चालवायची नाही.

आता "सिंथेटिक" या शब्दाकडे. बेस ऑइलचे पाच ग्रुप असतात. पहिले दोन म्हणजे नेहमीचं मिनरल. तिसरा ग्रुप क्रूडपासूनच, पण फार जास्त प्रक्रिया करून केलेला. चौथा म्हणजे पीएओ, कारखान्यात रेणू जोडून बनवलेला. बाकीचे, एस्टर वगैरे, पाचव्यात. तिसऱ्याला सिंथेटिक म्हणायचं का, यावरून अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात वाद झाला होता. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून तिसऱ्या ग्रुपचं ऑइलसुद्धा "सिंथेटिक" म्हणून सर्रास विकलं जातं. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, तिसऱ्या ग्रुपची कित्येक ऑइलं उत्तम आहेत. पण तो शब्द वाचून दर्जा कळत नाही, एवढं पक्कं धरा.

मग दर्जा कुठे कळतो? टीडीएसमध्ये. टेक्निकल डेटा शीट, एक-दोन पानांचा कागद असतो. सेल्समनला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. त्यात व्हिस्कॉसिटी इंडेक्स बघा. तापमान वाढलं की ऑइल किती पातळ होतं, ते हा आकडा सांगतो. जितका जास्त तितकं ऑइल स्थिर. साध्या मिनरल बेस ऑइलचा १०० च्या आसपास असतो, तिसऱ्या ग्रुपचा किमान १२०.

पण इथे एक मेख आहे. स्वस्त बेस ऑइलमध्ये पॉलिमर घालूनही हा इंडेक्स वर नेता येतो. कागदावर आकडा झकास दिसतो. बाईकमध्ये मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, आणि गिअरचे दाते ते पॉलिमर अक्षरशः कातरतात. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "गिअर कडक पडतोय, इंजिनचा आवाज वाढलाय." त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून एचटीएचएस हा आकडा दिलाय का बघा. १५० डिग्रीला, जोराच्या घर्षणात ऑइल किती टिकतं ते त्यात दिसतं. ३० ग्रेडला किमान २.९ लागतो, ५० ला ३.७. नॅक नावाची आणखी एक चाचणी असते. २५० डिग्रीला तासभर तापवून किती टक्के ऑइल उडालं ते मोजतात. पेट्रोल गाड्यांच्या एपीआय एसपी ऑइलला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. शीटवर ८-९ असेल तर बेस ऑइल बरंच चांगलं समजा. हे दोन आकडे सगळ्याच शीटवर नसतात. नसतील तर विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा उत्तर येतं की नाही, यावरून कंपनी कळते.

जासो मात्र चुकवू नका. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला एमए किंवा एमए२. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. एमबीवालं ऑइल बाईकमध्ये गेलं तर क्लच स्लिप व्हायची भीती असते. डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा, पोऱ्या घाईत उचलतो. कारचं ऑइलसुद्धा बाईकसाठी देऊ नका, मग ते कितीही महाग असो.

आता त्या २५ हजारांचा हिशोब. समजा नावाजलेला डबा ३३० ला पडतो, ४५० ला जातो, महिन्याला ४० जातात. सुटले ४,८००. नवीन डबा २१० ला पडतो, ४०० ला जातो. एका डब्यावर १९० सुटतात, ऐकायला भारी. पण नाव कुणी ऐकलेलं नाही म्हणून महिन्याला ६ च गेले, तर १,१४० रुपये. आणि २५ हजारांत ११९ डबे आले असतील, तर ते संपायला वीस महिने. तुमचं भांडवल तेवढे दिवस फळीवर धूळ खाणार. फ्रीची पेटी धरली तर आणखी दोन महिने!

म्हणजे नवीन ब्रँड घ्यायचाच नाही असं नाही. टीडीएस पटला, डब्यावर एपीआय आणि जासो दोन्ही स्पष्ट असले, पक्कं जीएसटी बिल मिळत असलं, तर एकच पेटी घ्या. एपीआयचा गोल शिक्का असेल तर त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत कंपनीचं नाव आहे का तपासता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. पेटीतले डबे ओळखीच्या दोन-तीन मेकॅनिकना द्या. गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला आली की काढलेलं ऑइल किती भरलं आणि गिअर कसा पडत होता, हे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. काळं झालं म्हणून नाराज होऊ नका, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. दुसरी ऑर्डर ती वही बघून द्या, स्कीम बघून नाही.

आणि ऑइल ओतून झालं की रिकामा डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा. भंगारात अख्खा गेलेला डबा नकली माल भरून परत बाजारात येतो, कदाचित तुमच्याच काउंटरवर.