दूरस्थ चाचणी : सोय आणि सावधगिरी

ग्राहक स्वतःच्या घरी आणि निरीक्षक मुख्यालयात. तरीही बँकेच्या अ‍ॅपवर पैसे पाठविताना ग्राहक नेमका कोठे अडखळतो, हे दूरस्थ चाचणीतून पाहता येते. तो ‘का’ अडखळला हे जाणून घ्यावयाचे असल्यास व्हिडिओ कॉलवर, मनातील विचार मोठ्याने बोलावयास सांगून चाचणी घ्यावी. तीस पाच जण पुरेसे ठरतात, असे जेकब नीलसन यांनी २००० साली प्रतिपादन केले. ‘किती जण’ अडखळले हे मोजावयाचे असल्यास सहभागींची संख्या वाढवून, प्रत्येकाने सवडीने एकट्यानेच करावयाची चाचणी योग्य.

साधनाची निवड मात्र अधिक नाजूक आहे. मोबाइलचा पडदा अनोळखी व्यक्तीस दाखवू नका, असे बँकाच ग्राहकांना बजावतात. दुरून मोबाइल हाताळू देणाऱ्या अ‍ॅपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेनेही २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. म्हणून असे अ‍ॅप चाचणीसाठी वापरू नये. ब्राउझरमध्ये उघडणारे नमुना पान, काल्पनिक खाते व लुटुपुटीची रक्कम यांवरच चाचणी व्हावी. ओटीपी वा पिन कदापि मागू नये.

अ‍ॅप सुलभ करण्याच्या ओघात ग्राहकाची सावधगिरी सैल झाली, तर ती सुलभता महागच पडेल.