ज्या बिया खाऊन पोरं दवाखान्यात जातात, त्याच बियांच्या तेलावर आपल्याकडे विमान उडलं होतं

वसई तालुक्यात नायगाव स्टेशनजवळ उमेळे नावाचं गाव आहे. आता महापालिकेत आलंय, पण बाजूला अजून वाड्या आहेत, खाडी आहे, मिठागरं आहेत. अशा गावांत किंवा कोकणात कुठंही बांधाच्या कडेनं गेलात, तर एक झुडूप हमखास भेटतं. हातभर रुंद नाही, पण तळव्याएवढी पानं, फांदी मोडली की चीक आणि सुपारीएवढी हिरवी फळं, जी पिकली की पिवळी होतात आणि मग काळी पडतात.

हा मोगली एरंड. कुणी चंद्रज्योत म्हणतं, कुणी रतनज्योत, आणि सरकारी कागदावर तो जट्रोफा असतो.

नाव मोगली असलं तरी मोगलांचा याच्याशी संबंध नाही. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते पोर्तुगीज खलाशांनी ते आफ्रिकेत आणि आशियात नेलं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे ते या किनाऱ्यावर दिसावं यात नवल नाही.

आता बांधावर हेच का? कारण सोपं आहे. गुरं आणि शेळ्या याला तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा ज्याला नाही म्हणते, त्याचं कुंपण फुकटात होतं. फांदी खोचली की पावसाळ्यात जगते.

शेळीला कळतं ते पोरांना कळत नाही, इथं खरा घोळ आहे. फळ फोडलं की आत काळ्या बिया, आणि बी सोललं की पांढरा गर. चव शेंगदाण्याच्या जवळ जाणारी, किंचित गोडसर. कडू असतं तर पोरांनी थुंकलं असतं. म्हणून शाळेच्या मैदानात एकानं खाल्लं की दहा जण खातात, आणि ‘चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा’ ही बातमी महाराष्ट्रात कुठून ना कुठून येत राहते. काही तासांत उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाईन लावून शरीरातलं पाणी भरून काढतात आणि बहुतेक पोरं एक-दोन दिवसांत घरी जातात. पण लहान पोराच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, म्हणून वाट बघत बसायचं नसतं.

आता विमानाकडे येऊ.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं एक छोटं विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं. त्याच्या इंधनात नेहमीच्या इंधनासोबत २५ टक्के जैवइंधन होतं आणि ते मोगली एरंडाच्या तेलापासून डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेनं बनवलं होतं. त्याआधी ३० डिसेंबर २००८ ला एअर न्यूझीलंडनं आपल्या जम्बो जेटच्या एका इंजिनात निम्मं याच बियांचं इंधन घालून चाचणी घेतली होती.

वनस्पती तेलावर इंजिन चालवणं ही कल्पना काही नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण एवढीच की कच्चं तेल घट्ट असतं आणि इंजिनात काजळी धरतं. म्हणून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम करतात. तेलाचा रेणू फुटतो, ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ बायोडिझेल उरतं. विमानाचं इंधन मात्र आणखी वेगळ्या, महागड्या प्रक्रियेनं बनतं.

मग शेंगदाणा सोडून हे विषारी झाड कशाला? तर ते विषारी आहे म्हणूनच. भारत खाण्याचं तेल बाहेरून आणतो, मग ताटातलं तेल टाकीत कसं ओतणार? इथं असं झाड होतं ज्याच्या बीमध्ये साधारण एक तृतीयांश तेल आहे, जे कुणी खात नाही, ज्याला जनावर शिवत नाही आणि जे म्हणे पडीक जमिनीत येतं. नियोजन आयोगाच्या समितीनं २००३ च्या अहवालात हाच हिशेब मांडला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीवर लागवड करायची. म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश भागावर नुसता मोगली एरंड!

पुढं झालं ते एरंडाचं गुऱ्हाळ. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. पाणी-खत नाही तर बी नाही, आणि पाणी-खत द्यायचंच तर शेतकरी दुसरं पीक घेईल ना? फळंही एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात हिरवं, पिवळं आणि काळं शेजारी शेजारी, म्हणजे हातानं वेचत बसा.

शिवाय विषाचं बिल वेगळंच. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन गाळलं की पेंड गुरांना जाते आणि तिचे पैसे येतात. मोगली एरंडाची पेंड गुरांना घातली तर गुरं मरतील. ती फक्त खताला चालते. ज्या गुणामुळे झाड निवडलं, त्याच गुणानं त्याचा धंदा बसवला. आज देशातल्या डिझेलमध्ये बायोडिझेल एक टक्काही नाही.

या झाडाचा चुलत भाऊ म्हणजे साधा एरंड. त्याच्या बीमध्ये रायसिन नावाचं भयंकर विष असतं. १९७८ मध्ये लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या पायात टाचणीच्या डोक्याएवढी गोळी घुसवण्यात आली आणि चार दिवसांत तो गेला. ते विष रायसिनच होतं असं मानलं जातं. आणि त्याच बीचं एरंडेल आजी नाक दाबून पाजायची! हे कसं? रायसिन हे प्रथिन आहे, ते तेलात विरघळत नाही. गाळताना ते पेंडीत राहतं आणि उष्णतेनं निकामी होतं. मोगली एरंडात असंच एक प्रथिन आहे, पण सोबत फॉरबॉल एस्टर नावाची द्रव्यंही आहेत. ती तेलात उतरतात आणि तळून-भाजूनही जात नाहीत. म्हणून एरंडेल औषध आहे आणि मोगली एरंडाचं तेल पोटात घ्यायचं नाही, मग व्हॉट्सॲपवर कुणी काही का लिहीना. मेक्सिकोत याचीच एक बिनविषारी जात आहे, ती लोक भाजून खातात. दिसायला मात्र सारखीच, त्यामुळे आपल्याकडे प्रयोग नको.

कोकणानं विषारी-कडू तेलांचा वापर फार आधीच शोधला होता. उंडी आणि करंजाचं कडू तेल खाण्याचं नाही, पण दिव्यात जळायचं. उंडीच्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं. तेच तेल आता ‘तमानू ऑइल’ म्हणून छोट्या बाटलीत मोठ्या किमतीला विकतात. असो.

पोरानं बी खाल्लं असं कळलं तर घशात बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि सोबत फळ नाहीतर झाडाचा फोटो न्या. हे महत्त्वाचं, कारण बांधावर पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही असते. तिचं विष थेट हृदयावर जातं आणि उपचार पूर्ण वेगळे असतात. पेंड खत म्हणून टाकत असाल तर ती मातीत नीट मिसळा, कारण एरंडीच्या पेंडीच्या वासानं कुत्री येतात, खातात आणि मरतात.

आणि बायोडिझेलचं काय? सरकारची नजर आता वापरलेल्या तेलावर आहे. १ जुलै २०१८ पासून तळून तळून ठरावीक मर्यादेपलीकडे खराब झालेलं तेल पुन्हा वापरायला बंदी आहे, आणि त्याच वर्षी हे तेल हॉटेलांकडून गोळा करून बायोडिझेल बनवण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आणली. नायगाव स्टेशनबाहेरच्या वड्याच्या कढईतलं काळं तेल ट्रकमध्ये जायला हवं, असा त्याचा अर्थ. ते सध्या जातं कुठं, हे पुढचा वडापाव घेताना विचारून बघा.