रात्रीचा पहारेकरी किती पाहतो?

दुकानाच्या दारावरील सुरक्षा-कॅमेरा दिवसा माणसाचा चेहरा स्पष्ट दाखवतो. रात्री मात्र त्याच्या चित्रात मुंग्या धावाव्यात तसे ठिपके वळवळतात. असे का होते?

प्रकाश कणाकणांनी येतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात. प्रत्येक चौकट तिच्यावर पडलेल्या प्रकाशकणांच्या प्रमाणात विद्युतभार साठवते. पण पावसाच्या थेंबांप्रमाणे हे कण अनियमितपणे पडतात. त्यांच्या संख्येत सरासरीच्या वर्गमूळाएवढा चढउतार असतोच. १०,००० कण पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडत असतील तर तो १० चा, म्हणजे १० टक्के! ठिपके दिसतात ते मुख्यतः यामुळेच.

मग प्रकाश अधिक वेळ साठवावा काय? तसे केल्यास भिंत स्वच्छ दिसेल, पण पळणारा माणूस पुसट होईल. म्हणून कॅमेऱ्याभोवती अवरक्त दिवे बसवतात. त्यांचा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही, पण सिलिकॉनच्या संवेदकाला जाणवतो. मात्र दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर चौथा हिस्साच प्रकाश पडतो. शिवाय चित्रातले रंग जातात आणि काही काळी कापडे चक्क पांढरी दिसतात! अशा चित्रावरून ‘चोराचा सदरा पांढरा होता’ असे ठरवले, तर एखादा निरपराध माणूस संशयात सापडेल.

यावर सोपा उपाय म्हणजे दारात एक साधा दिवा. प्रकाश शंभरपट वाढला, की चित्रातील हा दोष दहाव्या हिश्शावर येतो, आणि काळा सदरा काळाच दिसतो.