मूव्हेबल टाइप

मूव्हेबल टाइप हे अनुदिन्या (ब्लॉग) आणि संकेतस्थळे प्रकाशित करण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे. बेन ट्रॉट व मीना ट्रॉट या अमेरिकी दांपत्याने ते तयार केले आणि ८ ऑक्टोबर २००१ रोजी त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००४ पूर्वीच्या काळात, स्वतःच्या सर्व्हरवर अनुदिनी चालवू इच्छिणाऱ्या लेखकांमध्ये हे साधन विशेष लोकप्रिय होते. मे २००४ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि त्यातून उद्भवलेल्या वादानंतर अनेक अनुदिनीकार वर्डप्रेस या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरकडे वळले. लेखनाचे साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि त्याच्या अटी बदलल्यास लेखकाच्या हाती काय उरते, या प्रश्नाच्या चर्चेत मूव्हेबल टाइपचे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

नाव

मुद्रणकलेत सुट्या अक्षरखिळ्यांना इंग्रजीत ‘मूव्हेबल टाइप’ म्हणतात. पंधराव्या शतकाच्या मध्यास योहानेस गुटेनबर्ग याने युरोपात धातूच्या सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली आणि ग्रंथांच्या प्रती काढणे पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले. मराठी छापखान्यांतही हे खिळे जुळवणाऱ्या कारागिरास ‘जुळारी’ म्हणत. अनुदिनीच्या साधनास हे नाव देताना व्यक्तीच्या हाती छापखाना सोपवण्याची कल्पना सूचित होते. ट्रॉट दांपत्याच्या कंपनीचे ‘सिक्स अपार्ट’ हे नाव मात्र घरगुती योगायोगातून आले आहे. दोघांच्या जन्मतारखांमध्ये सहा दिवसांचे अंतर आहे.

पार्श्वभूमी

१९९९ मध्ये पायरा लॅब्ज या कंपनीने ब्लॉगर ही सेवा सुरू केली. तोपर्यंत अनुदिनीत नवी नोंद घालायची म्हणजे एचटीएमएल पान हाताने बदलून ते सर्व्हरवर चढवावे लागे. ब्लॉगरमुळे हे काम न्याहाळकातील एका चौकटीत मजकूर लिहिण्याइतके सुलभ झाले. परंतु त्या सेवेचे कामकाज कंपनीच्या सर्व्हरवर चाले आणि तो बंद पडला की लेखकास नवी नोंद करता येत नसे.

मीना ट्रॉट स्वतः अनुदिनी लिहीत असत आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या साधनांबाबत त्या समाधानी नव्हत्या. या गरजेतून दोघांनी स्वतःचे साधन लिहावयास घेतले. लेखकाने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ते बसवता येई आणि नोंदी, वाचकांचे प्रतिसाद व पानांची मांडणी हे सर्व लेखकाच्याच ताब्यात राही.

कार्यपद्धती

मूव्हेबल टाइप प्रामुख्याने पर्ल या संगणकभाषेत लिहिलेले आहे. लेखकाने लिहिलेली नोंद प्रथम डेटाबेसमध्ये साठवली जाते. पानांची मांडणी स्वतंत्र साच्यांमध्ये ठरवलेली असते. या साच्यांतील विशिष्ट खुणांच्या जागी शीर्षक, मजकूर, दिनांक इत्यादी तपशील भरून सॉफ्टवेअर तयार एचटीएमएल पाने बनवते आणि सर्व्हरवर ठेवते. या प्रक्रियेस पानांची ‘पुनर्बांधणी’ म्हटले जाते.

या पद्धतीचे दोन परिणाम होतात. वाचकाने पान उघडले तेव्हा सर्व्हरला डेटाबेस चाळावा लागत नाही. तयार पान जसेच्या तसे पाठवले जात असल्याने वाचकांची गर्दी झाली तरी सर्व्हरवर फारसा ताण पडत नाही. शिवाय सॉफ्टवेअर काढून टाकले तरी बनलेली पाने सर्व्हरवर तशीच राहतात आणि वाचता येतात. याउलट, नोंदींची संख्या हजारांच्या घरात गेल्यावर मांडणीतील लहानसा बदलही सर्व पानांवर उतरवण्यास बराच वेळ लागे. वर्डप्रेस प्रत्येक पान वाचकाच्या मागणीनुसार तत्क्षणी घडवते. त्यामुळे तेथे बदल लगेच दिसतो, मात्र प्रत्येक भेटीगणिक सर्व्हरचे काम वाढते. २००४ मध्येच मूव्हेबल टाइपच्या ३.१ या आवृत्तीत अशी तत्क्षणी पाने घडवण्याचा पर्यायही देण्यात आला.

ट्रॅकबॅक

२००२ मध्ये मूव्हेबल टाइपच्या २.२ या आवृत्तीत ‘ट्रॅकबॅक’ ही सोय प्रथम आली. एका अनुदिनीकाराने दुसऱ्याच्या नोंदीवर आपल्या अनुदिनीत काही लिहिले, तर पहिल्याचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला तशी सूचना पाठवी. मग मूळ नोंदीखाली त्या प्रत्युत्तराचा दुवा व थोडा उतारा दिसे. त्यामुळे वेगवेगळ्या सर्व्हरांवर राहणाऱ्या लेखकांमध्ये एखाद्या मध्यवर्ती संस्थेवाचून संवाद होऊ लागला. ही पद्धत खुली ठेवण्यात आल्याने इतर साधनांनीही ती स्वीकारली.

तथापि सूचना कोण पाठवतो याची खातरजमा करण्याची व्यवस्था तीत नव्हती. जाहिरातबाजांनी याचा लाभ उठवला आणि ट्रॅकबॅक व प्रतिसाद यांच्याद्वारे निरुपयोगी दुव्यांचा भडिमार सुरू झाला. कालांतराने अनेकांनी ही सोय बंद केली.

२००४ चा परवान्याचा वाद

सुरुवातीस मूव्हेबल टाइप वैयक्तिक वापरासाठी मोफत मिळे. इच्छा असल्यास वापरकर्ता देणगी देऊ शकत असे आणि व्यावसायिक वापरासाठी शुल्क होते. पर्लमधील आज्ञावली वाचता येत असे व स्वतःपुरती बदलताही येत असे. तरीही परवान्याच्या दृष्टीने हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत नव्हते, कारण त्याचे पुनर्वितरण करण्याचा अधिकार वापरकर्त्यास नव्हता.

मे २००४ मध्ये ३.० ही आवृत्ती जाहीर करताना कंपनीने नव्या अटी घातल्या. मोफत प्रतीवर एक लेखक व तीन अनुदिन्या अशी मर्यादा आली. त्यापुढे लेखकांच्या व अनुदिन्यांच्या संख्येनुसार शुल्क आकारले जाणार होते. मित्रमंडळींच्या वा कुटुंबीयांच्या अनुदिन्या एकाच सर्व्हरवर चालवणाऱ्या अनेकांना यामुळे मोठी रक्कम मोजावी लागणार होती. ट्रॅकबॅकच्या सोयीचा उपयोग करून शेकडो अनुदिनीकारांनी कंपनीच्या घोषणेखालीच आपली नाराजी नोंदवली.

या वादात दोन प्रमुख मते मांडली गेली. कंपनीच्या बाजूने असे सांगण्यात आले की, दोन व्यक्तींचे काम आता पगारी कर्मचारी असलेल्या कंपनीकडे आले असून ते केवळ देणग्यांवर चालणे शक्य नाही. कोणाचीही जुनी प्रत काढून घेतलेली नाही आणि २.६६१ ही आधीची आवृत्ती जुन्या अटींवर वापरत राहण्याची मुभा आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी श्रमाचे मोल मागण्यात गैर काही नाही, असे मानणारे अनुदिनीकारही होते.

दुसरे मत मार्क पिल्ग्रिम यांच्या ‘फ्रीडम झीरो’ या निबंधात ठळकपणे मांडले गेले. कोणत्याही हेतूने सॉफ्टवेअर चालवता येणे यास मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत ‘शून्यावे स्वातंत्र्य’ म्हटले जाते. शीर्षकाचा संदर्भ त्याच्याशी आहे. पिल्ग्रिम यांचा मुख्य आक्षेप किंमतीवर नव्हता. केवळ मोफत मिणारे सॉफ्टवेअर पुढील आवृत्तीत महाग होऊ शकते किंवा बंद पडू शकते आणि तेव्हा वापरकर्त्यास काही करता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. नव्या अटींनुसार आपणास द्यावे लागले असते तेवढे ५३५ डॉलर त्यांनी वर्डप्रेसच्या विकसकांना देणगी म्हणून दिले आणि आपली अनुदिनी वर्डप्रेसवर हलवली.

इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्याने या चर्चेत बराच गोंधळ झाला. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द असल्याने हा भेद सहज स्पष्ट होतो. २००४ पूर्वीचे मूव्हेबल टाइप बहुतेकांसाठी मोफत होते, पण मुक्त नव्हते.

पुढे कंपनीने अटींचा खुलासा केला व काही अटी सैलही केल्या. परंतु तोवर अनेक वापरकर्त्यांनी पर्यायाचा शोध सुरू केला होता.

वर्डप्रेसचा उदय

मिशेल वाल्ड्रिगी यांनी लिहिलेल्या बी२ या साधनाचा विकास थांबल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याच आज्ञावलीवरून वर्डप्रेस तयार केले. त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. बी२ जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळेच मूळ लेखकाच्या अनुपस्थितीत इतरांना ते काम पुढे नेता आले.

मूव्हेबल टाइपचा वाद पेटलेला असताना, मे २००४ मध्येच, वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ती आली. तिच्यात पूरक आज्ञावली जोडण्याची सोय होती. वर्डप्रेससाठी लागणारी पीएचपी ही भाषा स्वस्त सर्व्हरांवरही सहज उपलब्ध असे. पर्लच्या सॉफ्टवेअरची मांडणी नवख्यास तुलनेने अवघड जाई. मूव्हेबल टाइपमधील जुन्या नोंदी वर्डप्रेसमध्ये आणण्याची व्यवस्था असल्याने स्थलांतर करणाऱ्यांना पूर्वीचे लेखन सोडून द्यावे लागले नाही.

हे स्थलांतर शक्य होण्यास मूव्हेबल टाइपची स्वतःची रचनाही कारणीभूत ठरली. सर्व नोंदी व प्रतिसाद एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय त्यात होती. ही फाइल कोणत्याही मजकूर संपादकात वाचता येते. त्यामुळे इतर साधनांनीही ती स्वीकारली. छायाचित्रे मात्र या फाइलमध्ये येत नाहीत. ती वेगळी जतन करावी लागतात.

नंतरचा काळ

सिक्स अपार्टने २००३ मध्ये टाइपपॅड ही सशुल्क अनुदिनी सेवा सुरू केली. जानेवारी २००५ मध्ये कंपनीने लाइव्हजर्नल विकत घेतले आणि डिसेंबर २००७ मध्ये ते एसयूपी या रशियन कंपनीस विकले. त्याच महिन्यात मूव्हेबल टाइपची मुक्त स्रोत आवृत्ती जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये तिच्यावर आधारित ‘मेलडी’ हा स्वतंत्र प्रकल्पही सुरू झाला. मात्र तोपर्यंत वर्डप्रेसभोवती विकसकांचा मोठा समुदाय जमला होता. २०१३ मध्ये मूव्हेबल टाइपच्या सहाव्या आवृत्तीपासून मुक्त स्रोत परवाना बंद करण्यात आला.

२०१० मध्ये व्हिडिओएग या कंपनीने सिक्स अपार्ट ताब्यात घेतली. २०११ मध्ये इन्फोकॉम या जपानी कंपनीने सिक्स अपार्टची जपानी शाखा व मूव्हेबल टाइप विकत घेतले. त्यानंतर या सॉफ्टवेअरचा विकास जपानमधून होत असून तेथील अनेक संस्था आपली संकेतस्थळे चालवण्यासाठी ते वापरतात.

सिक्स अपार्टची व्हॉक्स ही मोफत सेवा ३० सप्टेंबर २०१० रोजी बंद झाली. तेव्हा तेथील लेखकांना आपल्या नोंदी टाइपपॅडवर हलवण्याचा मार्ग देण्यात आला होता. दरम्यान दुसऱ्या मालकाकडे गेलेली टाइपपॅड सेवाही बरोबर पंधरा वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. ही घोषणा ऑगस्टच्या अखेरीस झाल्याने लेखन उतरवून घेण्यास लेखकांना जेमतेम महिनाभराचा अवधी मिळाला.

महत्त्व

मराठी अनुदिनीकारांनी प्रामुख्याने ब्लॉगर व वर्डप्रेस या साधनांचा वापर केला आहे. मूव्हेबल टाइपच्या इतिहासातून पुढे आलेले प्रश्न त्यांनाही लागू पडतात. स्वतःच्या सर्व्हरवर लेखन ठेवणाऱ्यास सर्व्हरचे भाडे, सुरक्षा व देखभाल सांभाळावी लागते. इतरांच्या सेवेवर लिहिणाऱ्याचे हे कष्ट वाचतात, परंतु ती सेवा किती काळ चालेल हे त्याच्या हाती नसते. दोन्ही प्रकारांत लेखनाची संपूर्ण प्रत साध्या, सर्वत्र वाचता येणाऱ्या स्वरूपात वेळोवेळी उतरवून ठेवणे हा साधन बदलताना लेखन टिकवण्याचा भरवशाचा मार्ग ठरला आहे.