टाऊन हॉलला दोन तास द्या

डिसेंबर जवळ आला की निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावच्या शाळांत सहलीची चर्चा सुरू होते आणि कोल्हापूरचं नाव बहुधा पहिलं निघतं. निपाणीहून अंतर चाळीसेक किलोमीटर, बेळगावहून एकशेदहाच्या आसपास. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल, पुढे कोल्हापूर. मग एका दिवसात अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा असं सगळं बसवलं जातं. मुलांचा निम्मा दिवस गाडीत चढण्या-उतरण्यात जातो आणि सीपीआर चौकाजवळच्या बागेतला टाऊन हॉल यादीत येतच नाही. सीमाभागातल्या मुलांना त्यांच्याच मुलखाची गोष्ट सांगणारं सरकारी वस्तुसंग्रहालय या इमारतीत आहे. त्यासाठी यादीतली दोन ठिकाणं खुशाल कमी करावीत.

आधी इमारत पाहा

टाऊन हॉल 1872 ते 1876 या काळात बांधला गेला. आराखडा चार्ल्स मॅंट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस यांचे आराखडेही त्याचेच. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानी, उतरतं उंच छप्पर, दोन मनोरे हे सगळं युरोपातल्या गॉथिक शैलीतलं आहे. मराठ्यांच्या राजधानीत चर्चसारखी दिसणारी इमारत का उभी राहिली? मुलांना पहिला प्रश्न हाच विचारावा. त्या वेळी गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. सत्ता कोणाच्या हाती आहे, हे इमारतीच्या कमानींवरूनही ओळखता येतं, हा इतिहासाचा मोठा धडा इथे दारातच मिळतो.

त्याच दिवशी न्यू पॅलेस पाहणार असाल तर मुलांना तिथल्या कमानी, घुमट आणि मनोरा टाऊन हॉलशी ताडून बघायला सांगा. आराखडे करणारा माणूस एकच, पण राजवाड्यात त्याने देशी आणि पाश्चात्त्य शैली एकत्र आणल्या. सातवी-आठवीच्या मुलांना हा फरक स्वतःहून सापडतो.

कपाटातला समुद्रदेव

या संग्रहालयाचं मूळ पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीत आहे. तिथे 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच्या थोडं आधी प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या प्रयत्नांतून तिथल्या काशाच्या वस्तूंचा साठा उजेडात आला होता. या वस्तू ठेवण्यासाठी 1946 मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि 1949 मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं.

त्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे. जेमतेम वीतभर उंची, दाढी, पिळदार अंग. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने गलबतं कोकणच्या बंदरांना लागत, माल घाट चढून देशावर येई. त्या वाटेने ही मूर्ती पंचगंगेच्या काठी पोचली. ब्रह्मपुरीतच मिळालेला, पाठीवर स्वार घेतलेला काशाचा हत्ती मात्र अस्सल इथला. दोन्ही वस्तू एकामागोमाग दाखवल्या की दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या मुलांसाठी यात आणखी एक धागा आहे. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर इथे 1970 च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातल्या नगराचे अवशेष मिळाले. आज मध्ये दोन राज्यांची सीमा आहे, पण त्या काळी ब्रह्मपुरी आणि वडगाव एकाच जगातली गावं होती. कर्नाटकच्या आठवीच्या समाजविज्ञानात सातवाहनांचा धडा आहे. तो सहलीच्या आधीच्या आठवड्यात शिकवून ठेवावा. वर्गात ऐकलेलं नाव समोर काचेआड दिसलं की मूल थबकून पाहतं.

तयारी कशी कराल

सहलीआधी निदान एका शिक्षकाने संग्रहालय पाहून यावं. कोणती दालनं खुली आहेत, कोणत्या वस्तू मांडलेल्या आहेत, स्वच्छतागृह कुठे, बस कुठे थांबेल, फोटोला परवानगी आहे का, हे तिथेच विचारून घ्यावं. महाराष्ट्रातली सरकारी वस्तुसंग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी वार बघावा. शाळेच्या लेटरहेडवर अभिरक्षकांच्या नावे पत्र द्यावं. त्यात तारीख, वेळ, इयत्ता, मुला-मुलींची संख्या, सोबतचे शिक्षक हे सगळं असावं आणि माहिती सांगायला कोणी मिळेल का, अशी विनंतीही असावी.

सहल राज्याबाहेर जाणार असल्यामुळे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज लवकर करावा. शाळा सुधारणा कमिटीत विषय मांडून घ्यावा, पालकांची लेखी संमती घ्यावी. परिवहन मंडळाची बस प्रासंगिक करारावर घेतली तर बरं. खासगी गाडी ठरवली तर महाराष्ट्रात जाण्याचा परवाना आणि विम्याची कागदं स्वतः पाहावीत. खर्च ठरवताना ज्या घरांना पैसे भरणं जड जातं, त्या मुलांची सोय कमिटीने आधीच आणि गाजावाजा न करता करावी. पैशासाठी एकही मूल मागे राहता कामा नये.

पन्नास मुलं एका दालनात एकदम शिरली तर मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. वीस-वीसचे गट करावेत. एक गट आत असताना दुसऱ्याने बागेत बसून इमारतीचं चित्र काढावं, मग अदलाबदल. प्रत्येक मुलाने तीनच वस्तू नीट पाहाव्यात आणि वहीत चार ओळी लिहाव्यात: वस्तू कशाची आहे, कुठे मिळाली, कोणी वापरली असेल, अजून काय जाणून घ्यायचंय. फलकावरची माहिती उतरवून घ्यायला लावू नये. त्यात मान खाली जाते आणि वस्तू पाहायची राहते. तिसरी वस्तू म्हणून अबालाल रहिमान यांचं चित्र निवडावं. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या चित्रकाराने रंकाळ्याचा परिसर अनेकदा रंगवला. दुपारचा डबा रंकाळ्यावर खाताना चित्रातलं पाणी आणि समोरचं पाणी यांवर मुलं आपणहून बोलू लागतात.

वेळ उरला तर ब्रह्मपुरीकडे जावं. टाऊन हॉलपासून टेकडी किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे. वस्तू पाहिली आणि ती सापडली ती जागाही पाहिली, असा योग शालेय सहलीत फार थोड्या ठिकाणी येतो.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी वह्या गोळा करून तपासण्यापेक्षा मुलांच्या चौथ्या ओळीतले प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि त्यातला एक वर्गाने धसास लावावा. मग आपल्या गावाकडे वळावं. शेताच्या बांधावरचा वीरगळ, जुन्या वाड्याची दगडी चौकट, आजीच्या पेटीतलं नाणं यांची मुलांनी नोंद करावी: वस्तू काय, कुठे आहे, कोणी सांगितलं. सीमाभागातल्या गावागावांत अशा वस्तू विखुरलेल्या आहेत आणि रस्ते रुंद होताना, घरं नवी होताना त्या नाहीशा होत आहेत. त्यांची किंमत ओळखणारी पिढी शाळेतच घडवावी लागेल. टाऊन हॉलमधले दोन तास ही त्याची सुरुवात आहे. यंदाच्या यादीत त्याचं नाव पहिलं लिहा.